निपाणीत मोफत दवाखाना उभा करताना

नोव्हेंबर 2022 मध्ये माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिचे वय 46 होते. मी भेटायला गेले तेव्हा मुलाने ट्रंक उघडून रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. तीन वर्षांपूर्वी गल्लीत भरलेल्या आरोग्य शिबिरात तिचा रक्तदाब मोजला गेला होता. चिठ्ठीवर निळ्या शाईत 170/104 असे आकडे होते आणि त्याखाली ‘डॉक्टरांना दाखवावे’ एवढेच लिहिले होते. तिने ती चिठ्ठी जपून ठेवली होती, पण दाखवायला ती कुठेच गेली नव्हती. त्या दिवशी तिला काही दुखत नव्हते आणि डॉक्टरांकडे जायचे म्हणजे त्या दिवसाची विड्यांची मजुरी बुडवायची.

मी कर्नाटकच्या सीमाभागातील निपाणीच्या एका मराठी शाळेत 34 वर्षे शिकवले. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू, दोऱ्याचे रीळ आणि कात्री, आणि पहाटेपासून वाकलेली मान, हे दृश्य माझ्या बालपणाचे आहे आणि आजही अनेक घरांत ते तसेच आहे. शिबिरे आमच्या भागात भरपूर होतात. मात्र शिबिरानंतर महिन्याभराने त्याच माणसाचा रक्तदाब पुन्हा कोण मोजणार, हा प्रश्न त्या चिठ्ठीमुळे माझ्यासमोर उभा राहिला. आमचा दवाखाना त्यातून सुरू झाला. सीमाभागातील इतर गावांतून विचारणा होते म्हणून कागदपत्रांचा क्रम, खर्च आणि आमच्या चुका येथे सविस्तर लिहीत आहे.

जानेवारी 2023 मध्ये आम्ही सात जण माझ्या घरी बसलो. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 नुसार संस्था नोंदवण्यासाठी किमान सात सभासद लागतात, म्हणून आठवे कोणी मिळेपर्यंत थांबलो नाही. आमच्यात दोन निवृत्त शिक्षक, एक औषध दुकानदार, एक परिचारिका, दोन विडी कामगार स्त्रिया आणि एक निवृत्त डॉक्टर होते. विडी कामगार स्त्रियांना सभासद म्हणून घेण्याचा निर्णय फार उपयोगी ठरला. दवाखाना सकाळी दहाला उघडायचा असे आम्ही बाकीच्यांनी जवळपास ठरवून टाकले होते. सकाळ माल देण्यात आणि नवीन पाने-तंबाखू आणण्यात जाते, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचच्या आधी एकही बाई येणार नाही, हे त्या दोघींनी सांगितले आणि वेळ तिथेच बदलली.

नोंदणीला मार्चअखेर उजाडला. उशीर आमच्याच चुकीने झाला. दोन सभासदांची नावे आधार कार्डावर एक आणि पॅन कार्डावर दुसरी अशी होती. एकाचे आडनाव कन्नड लिप्यंतरात बदलले होते, तर दुसऱ्याच्या वडिलांचे नाव गळले होते. सीमाभागात शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये आणि पॅन इंग्रजीत असल्यामुळे हा प्रकार घरोघरी आढळतो. म्हणून पहिल्या बैठकीतच सगळ्यांची ओळखपत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावे अक्षरशः जुळवून पाहावीत. आम्ही ते केले असते तर पाच आठवडे वाचले असते. नंतर संस्थेचे पॅन आणि बँक खाते या दोन गोष्टींना एप्रिल संपला.

सर्वांत लांबलेला टप्पा डॉक्टरांच्या नोंदणीचा होता. आमचे डॉक्टरसाहेब राहायला निपाणीत, पण त्यांनी 30 वर्षे व्यवसाय केला तो कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीकरांना ही सीमा एरवी जाणवत नाही. आमची कित्येक मुले अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातात, ते कोल्हापूर जिल्ह्यात आहे, आणि रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात सहज जातात. पण डॉक्टरसाहेबांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची होती आणि दवाखाना कर्नाटकात चालवायचा तर कर्नाटक मेडिकल कौन्सिलची नोंदणी हवी होती. त्यासाठी मुंबईहून ना-हरकत दाखला, मग बेंगळुरूला अर्ज, मूळ पदवी प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे असा प्रवास झाला. आम्ही फेब्रुवारीत सुरुवात केली आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात क्रमांक हातात आला. आपल्याकडे सेवा देणारे डॉक्टर सीमेपलीकडे नोंदलेले असतील तर हे काम सर्वांत आधी सुरू करावे, कारण पुढचे सगळे अर्ज त्या क्रमांकाशिवाय अडून राहतात.

दरम्यान जागा पाहिली. बसस्थानकापासून चालत आठ मिनिटांवर, तळमजल्यावर, दोन खोल्या, भाडे महिना 3,500 रुपये आणि अनामत 20,000 रुपये. घरमालकांना भीती होती की दवाखाना म्हणजे गर्दी, रक्त आणि कचरा. त्यांची भीती रास्त होती, म्हणून आम्ही कचऱ्याची व्यवस्था आधी समजून घेतली आणि त्यांना कागदावर दाखवली. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 लहानशा दवाखान्यालाही लागू आहेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच घ्यावे लागते. शिवाय कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार करावा लागतो. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सिरिंजसारखे प्लॅस्टिक लाल पिशवीत, आणि साखर तपासताना बोटाला टोचायच्या सुया पांढऱ्या, टोचली न जाणाऱ्या डब्यात. हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही. या एका नियमाने आमचे वार ठरवले. आम्हाला शनिवार-रविवार हवे होते, पण कचऱ्याची गाडी रविवारी आणि सोमवारी आमच्या भागात येत नव्हती. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार ठरले, कारण बुधवारी आणि शनिवारी सकाळी गाडी येते. कराराचा खर्च आम्हाला महिन्याला साधारण 900 रुपये पडतो.

अधिकारपत्र आणि करार हे दोन कागद हातात आल्यावर ऑगस्टमध्ये मुख्य अर्ज केला. कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, 2007 प्रमाणे दवाखाना मोफत असला तरी नोंदणी सक्तीची आहे. अर्ज ऑनलाइन असतो आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरण घेते. भाडेकरार, डॉक्टर आणि परिचारिका यांची नोंदणी प्रमाणपत्रे, प्रदूषण मंडळाचे अधिकारपत्र, कचऱ्याचा करार, खोल्यांची छायाचित्रे असे सगळे जोडावे लागते. आमचा अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा भाडेकरारात घर क्रमांक जुना होता. दुसऱ्यांदा दरफलकाचे छायाचित्र जोडलेले नव्हते. आम्ही पैसेच घेणार नसल्यामुळे दरफलक कशाला, असे आम्हाला वाटले होते. पण प्रत्येक सेवेचा दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे आणि तो शून्य असेल तर शून्य लिहावा लागतो. तो फलक आज मला मनापासून आवडतो. नवीन आलेली बाई दारातच थांबते, ‘तपासणी 0, रक्तदाब 0, साखर 0’ वाचते आणि मग आत येते.

सप्टेंबरअखेर पाहणी झाली. हात धुण्याची जागा, कचऱ्याचे डबे, औषधांचे कपाट आणि नोंदवही एवढे पाहिले गेले आणि पाऊण तासात पाहणी संपली. मी आदल्या रात्री झोपले नव्हते, त्याची काही गरज नव्हती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच वर्षांचे प्रमाणपत्र मिळाले. पत्रव्यवहार बराचसा कन्नडमध्ये असतो. मला नोकरीमुळे कन्नड वाचता येते, पण ज्यांना येत नाही त्यांनी आपल्या गटात एक तरी कन्नड चांगले लिहिणारी व्यक्ती घ्यावी. नामफलकाचा खर्च मात्र आम्हाला दोनदा करावा लागला, कारण 2024 मध्ये फलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये असण्याचा कायदा झाला. आता वर मोठ्या अक्षरांत कन्नड आणि खाली मराठी आहे. आतल्या सूचना दोन्ही भाषांत आहेत आणि ज्यांना कोणतीच लिपी वाचता येत नाही त्यांच्यासाठी गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य किंवा चंद्र काढून देतो.

औषधांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण चुका येथेच होतात. आम्ही औषधांचे दुकान चालवत नाही. औषध नियमावली, 1945 च्या अनुसूची ‘के’ मधील सवलतीप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर स्वतः तपासलेल्या रुग्णाला औषध देऊ शकतात, मात्र औषधे परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घ्यावी लागतात आणि बिले जपावी लागतात. बातमी पसरली तशी लोक घरातली उरलेली औषधे घेऊन येऊ लागले. एका सद्गृहस्थांनी दिवंगत पत्नीच्या औषधांची पूर्ण पिशवी आणली होती. ती नाकारताना फार जड गेले. पण अर्धवट कापलेल्या पट्टीवर मुदतीची तारीख नसते आणि ती कुठे, कोणत्या उन्हात पडून होती हे कळत नाही. त्यामुळे औषधाऐवजी जनऔषधी केंद्राचे बिल भरून द्या, असे आम्ही सुचवतो. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन यांच्या दहा गोळ्यांची पट्टी तेथे काही रुपयांत मिळते, आणि एका माणसाचा महिनाभराचा रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा खर्च किती थोडा आहे हे बिल भरणाऱ्यालाही समजते.

शुक्रवार, 3 नोव्हेंबर 2023 रोजी संध्याकाळी दवाखाना उघडला. पहिल्या दिवशी 11 रुग्ण आले. पहिले दोन-तीन महिने ताप, खोकला, गुडघे आणि पाठ हेच चालले होते आणि जवळपास प्रत्येक जण सुई मागत असे. सुई टोचली नाही तर डॉक्टरांनी काही केलेच नाही, ही समजूत आमच्या भागात खोलवर रुजलेली आहे. डॉक्टरसाहेबांनी एकदाही गरज नसताना इंजेक्शन दिले नाही. ते प्रत्येकाला शांतपणे समजावत, आणि त्यामुळे काही माणसे परत आली नाहीत हेही खरे आहे. मात्र 30 वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मोजल्याशिवाय त्याला आत सोडायचे नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला, मग तो पायात काटा रुतला म्हणून आलेला का असेना.

रक्तदाब मोजणे सोपे वाटते, पण त्यात आम्ही बरेच शिकलो. बायका घाईघाईने चालत येत, तोंडात मिशरीची चव असे, आणि तशाच मोजल्या की आकडा वर जाई. मग आम्ही भिंतीवरच्या घड्याळाखाली एक बाकडे ठेवले. त्यावर पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता पाच मिनिटे बसायचे. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर आणखी थांबायचे. दंडाचा पट्टा दोन मापांत घ्यावा. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला की आकडा खोटा वाढतो. मोठ्या पट्ट्याचे 650 रुपये आम्ही सुरुवातीला वाचवले आणि महिन्याभराने खर्च केलेच. आणि 140/90 च्या वर आकडा आला तरी एका मोजणीवर निदान करायचे नाही, दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजायचे; फारच वर असेल तर मात्र डॉक्टरसाहेब तेव्हाच निर्णय घेतात.

जानेवारी 2024 मधली एक बाई मला नेहमी आठवते. तिला महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. ती महिन्याने आली तेव्हा रक्तदाब 180 च्या वर होता आणि पाकिटात 22 गोळ्या शिल्लक होत्या. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, चक्कर आली की खातो की मी गोळी. उगंच रोज कशाला संपवायच्या? तुमी फुकट देताय म्हणून काय उधळायच्या?” तिने आमच्यासाठी काटकसर केली होती. तिचे बोलणे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या संध्याकाळपासून परिचारिका पाकीट देताना ‘गोळ्या कशा घ्यायच्या’ असे सांगण्याऐवजी ‘कशा घेणार ते मला सांगा’ असे विचारते आणि रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावरच पाकीट हातात देते.

तरीही पहिल्या सहा महिन्यांची नोंदवही चाळली तेव्हा दिसले की रक्तदाब किंवा साखर सापडलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसे दुसऱ्यांदा आलीच नव्हती. म्हणजे शिबिरातली चिठ्ठी आम्हीही वाटत होतो, फक्त ती छापील कार्डावर होती. यावर उपाय आमच्या विडी कामगार सभासदांपैकी एकीने सुचवला. कारखान्यात कोणाचा माल आला आणि कोणाचा राहिला हे जसे लगेच कळते तसे इथेही कळायला हवे, असे ती म्हणाली. आम्ही मिठाईचा लांबट पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले, प्रत्येक आठवड्याला एक. रुग्णाचे एक कार्ड त्याच्याकडे असते आणि दुसरे या डब्यात, त्याने पुन्हा यायच्या आठवड्याच्या कप्प्यात. रुग्ण आला की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते. शुक्रवारी रात्री चालू आठवड्याच्या कप्प्यात जी कार्डे उरतात ती न आलेली माणसे. शनिवारी दोघी जणी त्या घरी जातात. रागवायचे नाही, कारण विचारायचे आणि जमले तर रक्तदाब तिथेच मोजायचा. कोणाकडे लग्न असते, कोणी ऊसतोडीला गेलेले असते, कोणाच्या सासूला हे औषध नको असते. संगणकावर नोंद ठेवण्याचाही आम्ही प्रयत्न केला, पण डब्याइतके उपयोगी काही ठरले नाही.

मे 2024 मध्ये आमच्याकडून एक गंभीर चूक घडली. साखर तपासण्याच्या पट्ट्यांची बाटली खिडकीजवळच्या फळीवर राहिली आणि तिचे झाकण नीट बसलेले नव्हते. त्या आठवड्यात कधीच साखर नसलेल्या तिघांचे आकडे 200 च्या वर आले, तेव्हा डॉक्टरसाहेबांना शंका आली. त्यांनी स्वतःचे बोट टोचून दोन वेगवेगळ्या बाटल्यांतील पट्ट्यांवर तपासले आणि दोन आकड्यांत 70 चा फरक निघाला. उष्णतेने आणि दमट हवेने पट्ट्या बिघडल्या होत्या. आम्ही त्या आठवड्याच्या दोन्ही दिवशी तपासलेल्या 23 जणांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि सर्वांची पुन्हा तपासणी केली. एका माणसाने तोवर भीतीने जेवण जवळपास सोडले होते. आता पट्ट्या भिंतीच्या आतल्या बाजूच्या कपाटात असतात, बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिलेली असते, आणि केवळ बोटाच्या तपासणीवर मधुमेहाचे निदान होत नाही. उपाशीपोटीची तपासणी प्रयोगशाळेत करून ती 126 किंवा अधिक आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच राहिली, तरच औषध सुरू होते.

तोंडाची तपासणी आम्ही जून 2024 पासून सुरू केली. येथे तंबाखू हाच पोटाचा धंदा आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध भाषण करून उपयोग होत नाही आणि मला ते शोभणारही नाही. दंतवैद्य महिन्यातून एकदा येतात. गाल आणि जीभ उजेडात पाहायची, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांहून जुनी जखम आहे का, आणि तोंड पुरेसे उघडून त्यात तीन बोटे उभी जातात का, एवढेच. एका आजींच्या गालाच्या आत, जिथे त्या 40 वर्षे मिशरी लावत होत्या, पांढरा चट्टा सापडला. त्यांना बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात पाठवायचे होते, पण त्या एकट्या जायला तयार नव्हत्या, म्हणून मी सोबत गेले. तुकडा तपासल्यावर कर्करोग नसल्याचे, पण तो पुढे होऊ शकेल असा बदल असल्याचे कळले. त्यांनी मिशरी सोडली आहे. पहिले तीन आठवडे त्या रोज सकाळी माझ्याकडे येऊन बसत, कारण त्या वेळेला हात आपोआप डबीकडे जातो. ज्यांना फोनवर आधार हवा त्यांना आम्ही 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक देतो.

मोठ्या आजारांसाठी आमच्याकडे काही नाही आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो. कर्नाटकचे दारिद्र्यरेषेखालील रेशन कार्ड असलेल्यांना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्र शासनानेही 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोणत्या योजनेत कोणते कागद सध्या चालतात हे रुग्ण घराबाहेर पडण्याआधी त्या रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांना फोन करून विचारावे. रुग्णाला घेऊन गेल्यावर कागदासाठी परत फिरणे फार क्लेशाचे असते. लसीकरण आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, तिथे आम्ही आशा कार्यकर्त्यांच्या मदतीने पाठवतो.

सध्याचा महिन्याचा खर्च साधारण 28,000 रुपये आहे. भाडे, औषधे, साखरेच्या पट्ट्या, परिचारिकेचे मानधन, कचरा आणि वीज हे सगळे त्यात येते. निम्मे पैसे सभासद आणि माजी विद्यार्थी देतात. दाराजवळ एक पेटी आहे, तिच्यावर काहीही लिहिलेले नाही. तीत दर महिन्याला दोन-अडीच हजार रुपये निघतात, बहुतेक दहा-दहाच्या नोटा.

ज्या बाईच्या चिठ्ठीमुळे हे सुरू झाले ती आता काठी घेऊन चालते. तिचा मुलगा तिला महिन्याच्या पहिल्या मंगळवारी घेऊन येतो आणि ती घड्याळाखालच्या बाकड्यावर डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवून पाच मिनिटे बसते. मागच्या खेपेस 132/84 होते. या शुक्रवारी रात्री डब्यात चार कार्डे उरली आहेत. त्यांतली दोन यरनाळ रस्त्याकडची आहेत, तिकडे आम्ही उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जाणार आहोत.